बाळ रात्रभर झोपतं, मग दुधाचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवारच्या पुरवणीत तान्ह्या बाळांच्या झोपेवर पानभर लेख आला होता तुमच्याकडे. रूटीन लावा, संध्याकाळी अंघोळ घाला, लाइट मंद करा, तीन महिन्यांत बाळ रात्रभर झोपायला लागेल वगैरे. लेख वाईट नव्हता, फोटो तर फारच गोड होता. पण अख्ख्या पानात एक ओळ नव्हती की बाळ रात्रभर झोपायला लागलं की आईच्या दुधाचं काय होतं. ते काय होतं ते मी भोगलंय म्हणून लिहितेय. जरा लांबेल, कापायचं तर सुरुवातीचं कापा पण मधलं ठेवा.

माझा मुलगा आता साडेसात महिन्यांचा आहे. तो साधारण साडेदहा आठवड्यांचा असताना एका रात्री साडेनऊला झोपला तो थेट पहाटे साडेपाचलाच उठला. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी दूधवाल्याच्या आधी पोचली. "नशीब काढलंस बाई", "आमच्या कार्टीने दोन वर्षं झोपू दिलं नव्हतं", सासूबाईंनी तर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली त्याची. मी पण खूशच होते, का नसणार, दहा आठवडे सलग तीन तास झोप काय असते ते विसरले होते.

पण त्या पहिल्या तीन-चार रात्री मला अडीच-तीनला आपोआप जाग यायची. गाऊन ओलाचिंब, खालची चादर ओली, आणि छाती अशी दगड झालेली की कुशीवर वळता यायचं नाही. पोरगं मात्र झोळीत गाढ. एकदा उठवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या झोपल्या पोराला उठवू नये, मग मी घडी घातलेला पंचा आत ठेवला आणि दात आवळून पडून राहिले. पाचव्या-सहाव्या दिवशी दगड गेला. गाऊन कोरडा. मला वाटलं चला शरीराने जुळवून घेतलं. जुळवून घेतलंच होतं, पण ते काय जुळवून घेतलं ते कळायला मला अजून तीन आठवडे लागले.

झालं काय, तर संध्याकाळी सहाच्या पुढे पोरगं अंगाला लावलं की दोन मिनिटं प्यायचं, मग ओढायचं, कमान करायचं, सोडून रडायचं, परत तोंड लावायचं. घरात सगळ्यांचं निदान एकच, पोट दुखतंय. मग बेंबीला हिंग लावून झाला, ओव्याचा शेक झाला, कुणी म्हणालं तुझं दूध पातळ झालंय, कुणी म्हणालं तू पावटा खाल्लास. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या रात्री झोपताना पावडरचं दूध बाटलीभर दे, आणखी छान झोपेल!! (म्हणजे जो झोपतोच आहे त्याला अजून झोपवायचं.)

चौदाव्या आठवड्याच्या लशीला गेलो तेव्हा वजन केलं. दहाव्या आठवड्याच्या लशीला 5 किलो 300 होतं, आता 5 किलो 620. अठ्ठावीस दिवसांत 320 ग्रॅम. या वयात रोजचे साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवेत, याचे जेमतेम अकरा. डॉक्टर बाईंनी कार्डावर ठिपका काढला आणि विचारलं, रात्री किती वेळा पितो? मी अगदी छाती फुगवून सांगितलं, एकदाही नाही, सरळ साडेपाचला उठतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही रिकाम्या होता का रात्री?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. दुधाचा रतीब असतो ना, आपण रोज दाराच्या पिशवीतून दोन पिशव्या उचलतो तोवर दूधवाला दोन टाकतो. चार दिवस पिशव्या तशाच लटकत राहिल्या तर तो काय करेल, एकच टाकायला लागेल. अंगावरच्या दुधाचं तंतोतंत असंच आहे. साठून राहिलेलं दूधच आतल्या पेशींना सांगतं की बास आता, हळू घ्या. जितकं रिकामं होईल तितकं परत भरतं, आणि आठ तास भरलेलंच राहिलं, तेही रोज, तर शरीर समजतं की मागणी कमी झाली, माल कमी काढा. त्यात आणि दूध तयार करायला लावणारं जे प्रोलॅक्टिन हार्मोन असतं त्याची पातळी रात्री आणि पहाटे जास्त असते. म्हणजे ज्या वेळेला कारखाना जोरात चालू शकतो नेमक्या त्याच वेळेला गिऱ्हाईक झोपलेलं.

पण मग सगळ्यांचंच का नाही आटत? हे मी विचारलंच, कारण माझ्या चुलत नणंदेची मुलगी आठव्या आठवड्यापासून रात्रभर झोपायची आणि नणंदेला दूध धो धो. तर प्रत्येकीची एका वेळेला साठवायची जागा वेगवेगळी असते आणि तिचा वरून दिसणाऱ्या आकाराशी संबंध नसतो. कुणाकडे हंडा, कुणाकडे कळशी. दिवसभरात पाणी दोघी सारखंच भरतील, पण कळशीवालीला खेपा जास्त घालाव्या लागतात. हंडेवालीची रात्रीची एक खेप चुकली तर काही बिघडत नाही, माझी कळशी दोन-तीन तासांत काठोकाठ भरायची आणि पुढचे पाच तास नळ बंद. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांचा 2006 चा एक अभ्यास मी नंतर वाचला (कधी वाचला तर पहाटे पाचला, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात वाटी), त्यात 71 आया आणि बाळं होती, एक ते सहा महिन्यांची, निव्वळ अंगावर पिणारी आणि वाढ नीट असलेली. त्यातली साधारण एक तृतीयांश बाळं रात्री पीतच नव्हती आणि तरी ठीक होती. दिवसाचं दूध सरासरी 788 ग्रॅम, पण कुणाचं पाचशेच्या आत तर कुणाचं तेराशेच्या वर. म्हणून शेजारणीचं बघून आपलं ठरवण्यात अर्थ नाही, ना घाबरण्यात ना निवांत राहण्यात.

आणि ते "रात्रभर" म्हणजे किती, ते पण सांगते. 1957 साली लंडनच्या दोन संशोधकांनी बाळांच्या झोपेचा अभ्यास केला तेव्हा रात्री 12 ते पहाटे 5 न उठणं म्हणजे रात्रभर झोपणं असं धरलं होतं. पाच तास! आपण रील्स बघून सात ते सात धरतो आणि बाळ दोनला उठलं की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रडत बसतो.

मग मी काय केलं. डॉक्टरांनी पंप घ्या असं पहिल्या दिवशी सांगितलंच नाही, त्या म्हणाल्या रात्रीचं भोक मधून बुजवा. म्हणजे साडेनऊला झोपला तरी मी झोपायच्या आधी, पावणेअकराला, त्याला झोळीतून अलगद उचलायचं, लाइट लावायचा नाही, बोलायचं नाही, हनुवटीला बोट लावायचं, तो डोळे मिटूनच तोंड उघडतो आणि झोपेतच पितो. पहिल्या दोन रात्री नुसता चघळत बसला, तिसऱ्या रात्रीपासून गटागटा. परत ठेवला की परत गाढ. लोकांना वाटतं असं केलं तर पूर्ण जागा होईल, आमचा झाला नाही, एखाद्याचा होईलही.

आणि दुसरं म्हणजे पहाटे पावणेपाचचा अलार्म. बाळाला नाही उठवायचं, मी उठायचं आणि हाताने दूध काढायचं. स्टीलची वाटी आदल्या रात्री उकळून झाकून ठेवलेली. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे, आधी बरगडीकडे मागे दाबायचं आणि मग एकमेकांकडे, कातडीवर बोटं घासायची नाहीत. पहिलं मिनिटभर नुसते थेंब येतात आणि वाटतं संपलंय सगळं, आणि मग अचानक पान्हा सुटतो आणि चार बाजूंनी चिळकांड्या, पहिल्या दिवशी निम्मं दूध भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेलं. वाटीत आलं किती तर तळ झाकला जेमतेम. मी तिथेच बसून रडले.

सासूबाई बाथरूमला उठल्या होत्या, त्यांनी दारातून बघितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या आत आल्या, वाटी बघितली, म्हणाल्या, "अगं वाईच्या घरी आम्ही तुझ्या नवऱ्याला कुशीत घेऊनच निजायचो. तो झोपेतच प्यायचा, मी झोपेतच पाजायचे. किती वेळा पितो ते कुणी मोजलंय?" मग जरा थांबून, "जाग तुला येत होती ना त्या पहिल्या दिवसांत? मग मी उठवू दिलं नाही ते चुकलंच." माझ्या सासूबाई "चुकलंच" म्हणाल्या हे मी तुम्हाला लिहून देतेय, जपून ठेवा.

दिवसाचं पण बदललं. त्याच्या भुकेची वाट न बघता दर दोन-अडीच तासांनी अंगाला लावायचं, टीव्ही बंद, खोलीत कुणी नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ही पोरं पंख्याकडे बघत बसतात आणि पीत नाहीत. एका बाजूचं संपलं की दुसरी, परत पहिली. सुरुवातीचे आठ-दहा दिवस काहीच फरक नाही, मग हळूहळू संध्याकाळचं ओढणं कमी झालं. दोन आठवड्यांनी वजन केलं तर 350 ग्रॅम वाढलेलं. त्या दिवशी मी क्लिनिकच्या खाली उभं राहून वडापाव खाल्ला, दोन.

आता ज्या वाचतायत त्यांनी लगेच पहाटेचा अलार्म लावू नका. बाळाचं वजन नीट वाढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होतायत, पिऊन झाल्यावर समाधानी आहे, तर तुमची हंड्याची केस आहे, झोपा बिनधास्त. दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊ वाटायला लागते, गळणं थांबतं, त्याचा अर्थ दूध गेलं असा नसतो, मागणी-पुरवठ्याचा मेळ बसलेला असतो. पंपमध्ये किती येतं हे पण माप नाही, बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही. माप वजनकाट्यावर आणि लंगोटात.

पण पहिल्या पंधरा दिवसांतलं बाळ असं लांब झोपत असेल तर ते नशीब वगैरे समजू नका. जन्माचं वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, उठवून पाजायचंच असतं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. कावीळ झालेली किंवा कमी दिवसांची बाळं तर भूक लागली तरी उठत नाहीत. "किती शांत बाळ आहे" म्हणतात ते काही वेळा शांत नसतं, सुस्त असतं.

आणि ज्यांची छाती अजून दगड होतेय त्यांच्यासाठी, तेव्हा पूर्ण रिकामं करायच्या मागे लागू नका, बरं वाटेल इतकंच काढा. माझ्या आईने सांगितलं होतं गरम शेक घे आणि गाठ रगडून काढ, मी रगडली, दुसऱ्या दिवशी लालबुंद आणि 101 ताप. हल्लीचा सल्ला उलटा आहे, जोरात चोळायचं नाही, थंड पट्टी ठेवायची, बाळ नेहमीसारखं पाजत राहायचं, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टर.

लाडवांबद्दल पण बोलते कारण त्याशिवाय मराठी घरात हा विषय पुरा होत नाही. मी अळिवाचे खाल्ले, डिंकाचे खाल्ले, मेथीचे खाल्ले, शतावरी कल्प दुधातून घेतला, शेपूची भाजी इतकी खाल्ली की आता वास आला तरी मी खोली बदलते. लाडू चांगलेच आहेत, बाळंतिणीच्या पोटात तूप-खोबरं जातंय, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी वळतंय, यात वाईट काय. पण लाडू खाऊन रात्री आठ तास भरलेली झोपत होते तेव्हा दूध वाढलं नाही, ते वाढलं ते रिकामी व्हायला लागल्यावर. शक्ती लाडवाने येत असेल, रतीब लाडवाने वाढत नाही. आणि मेडिकलमधून कुणी सांगितलेल्या दूध वाढवायच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, त्यातल्या काहींचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

पावडरचं दूध देणाऱ्या आयांना मी काही बोलत नाही, ज्याचं त्याला माहीत. फक्त एवढंच की रात्रीची ती "छान झोपेल" वाली बाटली दिली की अजून एक खेप चुकते, आणि मग पंधरा दिवसांनी दूध कमी आलं म्हणून अजून एक बाटली, हे चक्र आमच्या बिल्डिंगमध्ये मी दोघींचं बघितलंय.

अजून एक गोष्ट, ही तर तुमच्या लेखात यायलाच हवी होती. आपल्याकडे अजून म्हणतात की अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत. ते खरं आहे पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळ पूर्ण अंगावरच हवं, दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांच्या वर आणि रात्री सहा तासांच्या वर खंड नको. तिन्ही पाळल्या तर ते 98 टक्क्यांपर्यंत काम करतं. आता बाळ आठ तास झोपतंय म्हणजे तिसरी अट मोडली की नाही? माझ्या एका मैत्रिणीला हे कळलं तेव्हा तिचं पहिलं पाच महिन्यांचं होतं आणि दुसऱ्याचे दोन महिने झाले होते. ती हसत सांगते आता, तेव्हा हसत नव्हती.

मी कामावर परत गेले ते बाळ साडेपाच महिन्यांचं असताना. सुट्टी 26 आठवड्यांची असते, बाळंतपणाच्या आधीचे काही दिवस त्यातच जातात. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दिवसातून दोन ब्रेक कायद्याने मिळतात, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर पण हवं, हे मला ऑफिसात कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं. पाळणाघर नाहीच. दूध काढायला जागा मागितली तर म्हणाले टॉयलेट आहे ना. मी विचारलं तुम्ही तिथे बसून डबा खाता का, तेव्हा जुन्या फायलींची खोली मिळाली, कडी आतून लागत नाही म्हणून खुर्ची टेकवून बसते. बाटली बर्फाच्या पॅकसकट पिशवीत, आणि पिशवी फ्रीजमध्ये कुणाच्या तरी कोळंबीच्या डब्याशेजारी. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात पण ते पंचवीस डिग्रीला, आमच्या डोंबिवलीत मे महिन्यात पंचवीस डिग्री फक्त एसीवाल्यांकडे. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं असंही वाचलंय, पण लाइट जाते म्हणून मी चोवीस तासांच्या वर ठेवत नाही.

मागे गावाला जाताना एका एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष (बाळाला पाजायची खोली) शोधला. पाटी होती, कुलूप होतं, काचेतून बघितलं तर आत झाडू आणि रद्दी. आपण हिरकणीची गोष्ट लहानपणापासून ऐकतो, कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, खाली घरात तान्हं बाळ आणि ती कडा उतरून गेली, आईची माया. मी आई झाल्यावर मला दुसरंच आठवतं. दिवसभर गडावर दूध विकत होती ती, बाळाला सकाळी पाजलं असेल, तिची छाती काय झाली असेल संध्याकाळपर्यंत! मायेबरोबर तेही होतंच की तिला खाली ओढणारं. शिल्पात, चित्रात ते कुणी दाखवत नाही.

गंमत म्हणजे मी कामावर जायला लागल्यापासून पोरगं रात्री परत उठायला लागलंय. एकदा साडेबाराला, एकदा तीनला. दिवसा वाटी-चमच्याने थोडंच घेतो, आता पेज आणि नाचणीचं सत्त्व पण असतं, आणि आईचा हिशोब रात्री चुकता करतो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाईट वाटतंय, सवय बिघडली म्हणतात, पुरवणीतला लेख तर मला तिघींनी फॉरवर्ड केला. मी त्याला कुशीत घेते, अर्धवट झोपेत पाजते. पहाटेचा अलार्म मात्र बंद केलाय, गरजच नाही राहिली. झोप कमी होते हे खरंच आहे, सकाळच्या लोकलमध्ये मी उभ्याउभ्या झोपते, एकदा मुंब्रा-कळवा-ठाणे सगळं झोपेत गेलं.

तर संपादक साहेब, तुमच्या लेखिकेला माझा एवढाच निरोप द्या की पुढच्या वेळी झोपेचं लिहिताना दुधाच्या चार ओळी त्यात घाला, आणि हॉस्पिटलवाले वाचत असतील तर डिस्चार्जच्या कागदावर पण घाला, तिथे टाके कसे धुवायचे ते सविस्तर असतं आणि हे नसतं. पत्र छापलंत तर नाव छापू नका. आमच्या ऑफिसात तुमचाच पेपर येतो आणि त्या खोलीला अजून कडी बसायची आहे.

आपली,
एक वाचक आई
डोंबिवली पूर्व